चंद्राक्काचं माप

"ह्याला झंपर म्हंत्यात व्हय गं, इंदे?"

चंद्राक्कानं तो ब्लाऊज माझ्या चालत्या मशीनवर फेकला. सुई मोडता मोडता वाचली. दुकानात तेव्हा तिघी-चौघी बसल्या होत्या. लगीनसराई होती, एकीला अस्तर लावून हवं होतं, एकीला पाठीला नाडी. सगळ्या सरसावून बसल्या. भांडण बघायला मिळणार असेल तर आमच्या गावात कुणालाच घाई नसते.

"काय झालं, आक्का?"

"डाव्या अंगानं काचतंय. हात वर केला की वढ बसतीया नुसती. तुज्या कात्रीला गंज चढलाय, का डोळ्यास्नी?"

हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतलं नसतं. कराडच्या अलीकडच्या आमच्या बाजारगावात ब्लाऊज म्हटला की इंदू तोडकर, दुसरं नाव नव्हतं. माझ्या हातचा ब्लाऊज घातला की बाई दोन बोटं उंच दिसते, असं मी स्वतःच सांगत असे. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट कोण बघणार? पण समोर चंद्राक्का होती. चंद्राक्का मोहिते म्हणजे मिरची कांडपाची मालकीण. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत अख्ख्या गावाची वर्षाची चटणी तिच्या मुसळांखाली कुटली जायची, आणि तिच्याशी वाकडं घेणाऱ्याच्या मिरच्या आपोआप रांगेत मागे सरकायच्या. तिच्यापुढे सरपंचसुद्धा सदऱ्याचं वरचं बटण लावून उभा राहायचा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या बायका अंगावर टेप लावून माप देत नसत. एक जुना, नीट बसणारा ब्लाऊज पिशवीत घालून पाठवायचा, तोच माप. बाई जाड होवो, बारीक होवो, माप तेच. आक्काचा मापाचा ब्लाऊज तर माझ्याच खुंटीला असे. थोरल्या पोराच्या लग्नातला. त्यावरून मी तिचे किती ब्लाऊज शिवले त्याची गणती नाही, आणि कधी टाका इकडचा तिकडे झाला नव्हता.

मी तो खुंटीवरचा काढला, नव्यावर ठेवला, काठाला काठ लावला, टक्स जुळवले.

"बघा सगळ्या. सूतभर तरी फरक हाय का?"

बायका वाकल्या. फरक नव्हता.

"म्हंजे मी खोटं बोलतीया?" आक्कानं एकेकीकडे बघत विचारलं. वाकलेल्या बायका सरळ झाल्या. घरी चटणी सगळ्यांनाच लागते.

मी मुकाट्यानं डावी शिवण उसवली, थोडं सोडलं, पुन्हा घातली. आठवड्यात आक्का परत हजर. आता वर ताण आणि खाली घोळ. शिवाय म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. यष्टी स्टँडवर नवा टेलर आलाय म्हंत्यात. त्याच्याकडं टाकते."

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. तो यष्टी स्टँडचा टेलर बाह्या उलट्या लावायचा हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आक्का त्याच्याकडे गेली असती तर मागून निम्मं गाव गेलं असतं.

"आक्का, पडद्यामागं चला. अंगावरचं माप घेते."

"अंगावरचं?" आक्का हसली. "मी काय पोलिसात भरती हुतीया, छाती मोजायला?"

"मग मला सांगा, खुंटीवरचा ब्लाऊज बरोबर, शिवलेला बरोबर, तर चुकतंय कोण?"

तिनं ब्लाऊज मशीनवर टाकला आणि पडद्याकडे निघाली.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मी एक पडदा लावला होता आणि पुरुषभर उंचीचा आरसा. तिथे ती पदर सारून उभी राहिली, मान छताकडे, जणू मी तिथे नाहीच. मी टेप लावला. मधल्या हाडापासून उजवी बाजू मोजली, मग डावी. डावी जास्त भरली. थोडाथोडका नाही, चांगला फरक. टेप सरकला असेल म्हणून तो नीट बसवायला मी काखेच्या खाली बोट दाबलं, आणि बोट अडलं. ब्लाऊजच्या कापडातूनसुद्धा कळलं. आत सुपारीसारखं काहीतरी कठीण होतं.

"हे काय वो, आक्का?"

"कुठं? त्ये व्हय?" तिनं मान खालीसुद्धा केली नाही. "त्ये सुऱ्याचं दूध हाय. तवा त्यानं अंगावर प्यायचं एकदम सोडलं, ऱ्हायलं आत साकळून."

सुऱ्या म्हणजे तिचा धाकटा. त्याला मिसरूड फुटून, तो ट्रक चालवायला लागून, त्याचं लग्न ठरून गेलं होतं. एवढी वर्षं दूध कुठे राहतं का? पण खरं सांगायचं तर आमच्या आयाबायांमध्ये हेच चालत आलेलं. छातीत गाठ लागली की ते दूध, आणि दूध म्हटलं की काळजी संपली.

माझी मात्र संपली नाही. नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यातल्या मुजावर मॅडम मारुतीच्या देवळात बायकांना माहिती द्यायला आल्या होत्या. चित्र उघडलं आणि होत्या नव्हत्या तेवढ्या बायका तोंडाला पदर लावून उठून गेल्या. मी बसले, कारण मॅडम माझ्या गिऱ्हाईक होत्या. सगळं डोक्यात राहिलं नव्हतं, एक राहिलं होतं. दुखत नाही ती गाठ आधी दाखवायची.

"दुखतंय का ते?" मी विचारलं.

"छ्या. दुखत न्हाई, खुपत न्हाई."

"आक्का, डॉक्टरला दाखवा. उद्याच्या उद्या."

तिनं पदर खांद्यावर ओढला. "हंगाम सुरू हाय. परड्यांनी मिरच्या येऊन पडल्यात. आखाड लागू दे, मग बगू." पडदा सारताना मागे वळून म्हणाली, "आणि परक्याचा हात अंगाला लागू देणार न्हाई मी. तुला झंपर शिवायला येत न्हाई त्ये सांग सरळ."

आखाड लागायला सगळा उन्हाळा जायचा होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी तिच्या सुनेला, विमलला, बाजारात गाठून सगळं सांगितलं. विमल शहाणी पोर. तिनं घरी हळूच विषय काढला तर आक्कानं तिच्या पुढ्यात आणखी एक मिरच्यांचं पोतं आणून टाकलं, देठं खुडायला. आक्काचे मालक, दादूतात्या, गरीब माणूस. त्यांनी तर जेवण सोडीन म्हणून धमकी दिली. आक्का म्हणाली, "ब्येस झालं. एक भाकरी कमी थापायची."

शेवटी मी मुजावर मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इंदूताई, गाठ साधी असू शकते. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि आखाडापर्यंत थांबणं बरोबर नाही."

"थांबायचं न्हाई हे खरं, पण करायचं काय? दुसऱ्याचा हात चालत न्हाई तिला."

मॅडम म्हणाल्या, "तिचा स्वतःचा तर चालतो ना?"

दुपारी जेवायच्या वेळेला कांडप बंद असे. त्या वेळेला मी आक्काला निरोप धाडला की ब्लाऊज पुन्हा नव्यानं शिवलाय, घालून बघून जा. ती आली, चपला काढल्या, आणि कटिंगच्या टेबलाशी खुर्चीवर बसलेल्या मॅडमना बघून तिथेच थांबली. मी मागून शटर अर्धं खाली ओढलं.

"डाव टाकलास व्हय गं, इंदे?"

"टाकला," मी म्हटलं.

"आक्का," मॅडम उठल्या नाहीत, "मी तुम्हाला हात लावणार नाही. बघणारसुद्धा नाही. पडद्याच्या अलीकडं पाठ करून बसते. इंदूताईपण बसतील. जे करायचं ते तुम्हीच करायचं. नंतर तुम्ही म्हणालात की काही नाही, तर मी उठून जाते. परत विषय काढणार नाही."

आक्कानं त्यांच्याकडे नीट बघितलं. सौदा तिला समजत होता.

"तुम्ही चटणी बारीक झाली का नाही, कशी बघता?" मॅडमनी विचारलं.

"चिमटीत धरून. डोळ्याला काय कळतंय त्यातलं?"

"मग हेही बोटांनीच बघायचं. चला."

आक्का पडद्यामागे गेली. आम्ही दोघी पाठ करून बसलो. बाहेर रस्त्यावर उन्हाचं चिटपाखरू नव्हतं. आतून हुकांचा आवाज आला.

"आधी आरशासमोर उभ्या राहा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पोरांना पाढे सांगावेत तसा सरळ होता. "हात खाली सोडा. दोन्हीकडचा आकार बघा. दोन्ही अगदी सारख्या कुणाच्याच नसतात, पण आधी नव्हता असा काही फरक दिसतो का? आता हात कमरेवर ठेवून जोर द्या. आता दोन्ही हात डोक्यावर. कुठं कातडं आत ओढल्यागत, खळी पडल्यागत दिसतंय? बोंड आत गेलंय का? त्यातनं पाणी, रक्त असं काही येतं का?"

आतून बांगड्या वाजल्या.

"झालं? आता आडवं व्हायचंय."

आता आली पंचाईत. पडद्यामागे आरसा होता, आडवं व्हायला जागा नव्हती. शेवटी मी कटिंगचं टेबल रिकामं केलं, पडद्याचं टोक ओढून टेबलाच्या पलीकडे बांधलं, आणि आम्ही पुन्हा पाठ केली. ज्या टेबलावर मी गावभरच्या बायकांचे ब्लाऊज कापले त्या टेबलावर चंद्राक्का मोहिते झोपली. टेबल करकरलं.

"खांद्याखाली काहीतरी घडी करून ठेवा. ज्या बाजूचं बघायचं त्या बाजूचा हात डोक्याखाली. म्हणजे सगळं पसरून सारखं होतं." मी न बघताच मागे हात करून खणांचा एक गठ्ठा सरकवला.

"उजवी बाजू आधी. डाव्या हाताची मधली तीन बोटं, एकाला एक लावून. टोकं नाही टोचायची, पेराच्या आतला मऊ भाग लावायचा. आणि रुपयाएवढं गोल फिरवायचं. आधी हलकं, मग जरा दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. मग बोटं जरा खाली. गळ्याच्या हाडापासून छातीच्या खालच्या वळीपर्यंत, मग शेजारून परत वर."

"सारवल्यागत," आतून आवाज आला.

"सारवल्यागत," मॅडम म्हणाल्या. "एक टीचभर जागा सुटली तर?"

"सासू बोलंल."

मला हसू आलं, मॅडमनाही. मग त्या म्हणाल्या, "मधल्या हाडापासून पार काखेपर्यंत. काख सोडायची नाही."

आक्कानं उजवी बाजू सारवून घेतली. वेळ घेतला. ती कुठलंच काम अर्धवट करत नसे.

"उजवी आता मापाची धरा, आक्का," मी म्हटलं. ते माझ्या तोंडातून आपसूक गेलं. "त्या मापावर डावी बघा."

पुन्हा टेबल करकरलं. तिनं कूस बदलली, गठ्ठा दुसऱ्या खांद्याखाली घेतला. उजवीपेक्षा जास्त वेळ घेतला. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. मनात म्हणत होते, देवा, तिला सापडू दे, आणि लगेच म्हणत होते, देवा, तिथं काही नसू दे. दोन्ही एकाच वेळी मागत होते.

"पुन्यांदा बगते," आक्का म्हणाली.

तिनं पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

मग हुक लावल्याचा आवाज आला, एकेक, सावकाश. पडदा सरला. आक्का पदर घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आले होते, पण त्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा भीती बघितली.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्ये दूध न्हाई."

"नाही, आक्का."

"दूध दाबलं तर हलतंय. ह्ये जाग्यावरनं हलत न्हाई. आन् त्येच्यावरचं कातडं आत वढलंया." तिनं पदर खोचला. "हंगाम इमल बगंल. कवा जायाचं?"

नवऱ्याच्या उपासाच्या धमकीनं जे झालं नाही, माझ्या विनवण्यांनी झालं नाही, ते तिच्या तीन बोटांनी केलं. दुसऱ्याचं ऐकायची सवय तिला नव्हती. स्वतःच्या बोटांवर मात्र तिनं आयुष्यात कधी अविश्वास दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही मिरजेला गेलो, आक्का, तात्या आणि मी. तिथे तपासण्या झाल्या, फोटो निघाला, सुईनं गाठीचा तुकडा काढून बघितला. जे निघायला नको होतं तेच निघालं. मोठ्या डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली तर आक्का म्हणाली, "त्यांस्नी काय सांगताय? गाठ माजी हाय. मला सांगा."

त्यांनी तिला सांगितलं. काढावं लागेल, सगळंच. पुढे औषधं चढवावी लागतील, केस जातील, अंगातलं बळ जाईल. पण पसरलेलं दिसत नाही. आणखी दोन-तीन महिने घरी बसली असती तर मी असं म्हणू शकलो नसतो, असं ते म्हणाले.

आक्कानं मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे आखाडात उशीर झाला असता." मी रडायला लागले. ती म्हणाली, "गप. ऑपरेशन माजं हाय."

ते वर्ष सोपं गेलं असं कोण म्हणेल? औषध चढवून आली की आक्का चार-चार दिवस उठत नसे. भाताच्या पेजेचा वास सहन व्हायचा नाही. डोक्यावरचे केस गेले तेव्हा आरशात बघून म्हणाली, "तात्यांच्यासारकी दिसाय लागली मी," आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपली. तात्या तिच्या पायाशी बसून राहायचे. डावा हात वर जाईना, म्हणून भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम दिला होता. जिथवर बोट गेलं तिथे विमल रोज कुंकवाचा ठिपका लावी. दिवाळीच्या सुमाराला ठिपके दाराच्या चौकटीवर चढले. विमलनं कांडपाचा तो हंगाम एकटीनं काढला, आणि चटणी कुणाला भरड लागली नाही.

पुढच्या फाल्गुनात आक्का कांडपाच्या दारात आपल्या खुर्चीवर येऊन बसली. डोक्यावर मऊ पांढरे केस आले होते, तान्ह्या पोरासारखे. अंगात मी शिवलेला ब्लाऊज. त्याला मी डाव्या बाजूला आतून कापसाची उशी लावून दिली होती, बाहेरून कळत नव्हतं. पण ती पहिल्याच दिवशी चार बायकांत ब्लाऊजवर थाप मारून म्हणाली, "हितं कापूस हाय. इंदीनं भरलाय. इच्चारायचं आसंल तर तोंडावर इच्चारा, माघारी कुजबुजू नका."

कुजबुज तिथल्या तिथे बंद झाली.

दोन दिवस गेले आणि तिनं तो हुकूम काढला, ज्याची गोष्ट पुढे आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गेली. ज्या घरातल्या बाईनं स्वतःची छाती तपासायला शिकून घेतलं नसेल, त्या घरची मिरची कांडली जाणार नाही.

"आगं, काय ह्ये?" तात्या घाबरून म्हणाले. "मान्सं मिरच्या घिऊन दुसऱ्या गावाला जात्याल."

"जाऊ द्यात. तिथली चटणी खाऊन बगू द्यात."

कुणी गेलं नाही. बाप्ये सायकलला पोती बांधून यायचे, आणि आक्का खुर्चीवरून म्हणायची, "पोतं ठेव आन् मालकिणीला लावून दे." बाप्ये डोकं खाजवत परत जायचे. सरपंच स्वतः आला. त्यालाही तेच सांगितलं. संध्याकाळी सरपंचीणबाई हजर.

मुजावर मॅडम आठवड्यातून एकदा येऊ लागल्या. मारुतीच्या देवळात ज्यांना सहा बायका मिळाल्या नव्हत्या, त्यांना कांडपाच्या मागच्या खोलीत बसायला जागा पुरेना. चित्र उघडलं की आता कुणी उठून जात नव्हतं, कारण दारात आक्का बसलेली. मॅडम सांगायच्या, पाळी संपून चार दिवस झाले की बघायचं, तेव्हा छाती ताणलेली नसते, नीट कळतं. दर महिन्याला बघितलं की आपल्या अंगाची सवय होते, मग नवीन काही आलं तर लगेच समजतं. गाठ लागली म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण नवी गाठ ही दाखवायचीच. आणि गाठ नाही लागली तरी वर्षातून एकदा दवाखान्यात यायचं, सगळंच काही बोटांना कळत नसतं.

"आन् आमचं?" वेशीजवळच्या म्हाताऱ्या गंगूबाईनं विचारलं. "आमची पाळी जाऊन दोन नातवंडं झाली. आमी कवा बगायचं?"

मॅडम म्हणाल्या, महिन्याचा कुठलाही एक दिवस ठरवून घ्या, विसरणार नाही असा.

"संकष्टी," दारातून आक्का म्हणाली. "उपास इसरतीस का कधी, गंगे? मग. सकाळी आंघुळीला बसली की साबणाचा हात फिरवायचा, दुपारी खाटंवर पडून बगायचं. चंद्र निगायच्या आत झालं पायजे."

तेव्हापासून आमच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी संकष्टी धरली. त्यातल्या निम्म्या साबुदाण्यासाठी धरतात, पण तपासतात सगळ्या. कुंभारवाड्यातल्या शांतीला त्याच उन्हाळ्यात गाठ लागली. ती रडत न बसता दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. पाण्याची गाठ निघाली, साधी. तिनं गावात पेढे वाटले, आणि आक्कानं दोन खाल्ले.

आज आक्का ऐंशीच्या घरात आहे. दर वर्षी मिरजेला जाते, आणि डॉक्टरांना चटणी देऊन येते. पण मला सांगायचा आहे तो त्या हंगामातला एक दिवस.

वैशाख संपत आला होता. मी माझ्या मिरच्या घेऊन कांडपावर गेले. मुद्दामच उशिरा गेले होते, गर्दी कमी असेल म्हणून. तरी आठ-दहा जणी होत्याच. आक्कानं माझी परडी बघितली, मग मला बघितलं.

"तू केलंस का, इंदे?"

"आक्का, मला सगळं पाठ हाय. पहिल्या दिवशी मीच हुते की तिथं."

"पाठ हाय त्ये मला ठावं हाय. केलंस का?"

मी परडी ह्या हातातून त्या हातात घेतली. लगीनसराई, वेळ कुठे मिळतो, असं काहीतरी म्हणाले. आक्कानं विमलला खूण केली. विमलनं कांडपाच्या मोटारीचं बटण बंद केलं. मुसळं थांबली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

आता इतक्या वर्षांनी लपवण्यात काय अर्थ आहे? मी गावातल्या प्रत्येक बाईला विचारत होते, केलं का, आणि स्वतः मात्र अंघोळ करतानासुद्धा तिथून हात लांब ठेवत होते. माझ्या बोटांनी एकदा एक गाठ शोधली होती. ती पुन्हा शोधतील, आणि या वेळी माझ्याच अंगात, या भीतीनं मी गारठले होते. बघितलं नाही म्हणजे ती नाहीच, अशी माझी समजूत. तीही सुऱ्याच्या दुधासारखीच.

आक्का खुर्चीवरून उठली. माझ्या हातातली परडी घेतली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"भ्या वाटतंय?"

मी मान हलवली.

"मला बी वाटलं हुतं. तवा तू पाठ करून बसली हुतीस, तिकडनं हाललीस का? मी बी हालणार न्हाई. जा आत. मी सांगत्ये एकेक."

मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीवर मी सतरंजी टाकली. दार लोटलं. दाराच्या पलीकडून आक्काचा आवाज येऊ लागला, आणि तो काही खाली राहिलेला नव्हता. उभं राहा. हात कमरेवर. हात वर. आडवी हो. हात डोक्याखाली. तीन बोटं. टोकं न्हाई, मऊ बाजू. हलकं. आता दाबून. आता बरगडी लागूस्तवर. खाली सरक. जागा सोडू नगंस, मी काय बघाय येणार न्हाई, पर तुला कळंल.

पहिल्यांदा काहीच कळेना. मी डोळे मिटले आणि कापड चाचपावं तसं चाचपलं. ते मला येत होतं. आडवं, उभं, विणीचं, गाठीचं, सगळं मला बोटांनी येत होतं. एक बाजू झाली. दुसरी झाली. काख झाली.

"झालं?"

"झालं."

"मग पुन्यांदा. पहिल्या बारीला भ्यात असतंय मानूस, त्ये खरं धरायचं न्हाई."

मी पुन्हा केलं. या वेळी घाई केली नाही. स्वतःचं अंग मी पहिल्यांदाच ओळखीच्या माणसासारखं बघत होते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

दार उघडून बाहेर आले. बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. आक्का तशीच दाराकडे पाठ करून उभी होती. तिनं सावकाश वळून माझ्याकडे बघितलं.

"काय?"

"काय न्हाई, आक्का. सगळं ठीक हाय."

"काखंत?"

"काखंत बी न्हाई."

तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. डोळ्यांत पाणी होतं, मिरचीचं नव्हतं, कारण मोटार बंद होती. तिनं दोन्ही हातांनी माझी परडी उचलली, डावा हात उजव्याच्या बरोबरीनं उचलला गेला, आणि मिरच्या उखळात ओतल्या. विमलनं बटण दाबलं. मुसळं धडधडायला लागली, लाल धुरळा उठला, आणि आम्ही सगळ्या एकदम शिंकायला, हसायला लागलो. मी तर इतकी हसले की भिंतीला धरून उभी राहिले.

आक्का खुर्चीवर बसली, पदर नाकाला लावला आणि रांगेकडे बघून म्हणाली, "हं. फुडची कोण?"